त्रेचाळीस नंबरच्या खोलीतला ओळंबा

पितळेचा, पाऊण शेर वजनाचा, वर गोल आणि खाली निमुळता असा मी एक जुना ओळंबा आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिले असेल, पण माझे नाव ठाऊक नसेल. भिंत बांधताना गवंडी दोरीला बांधून भोवऱ्यासारखी एक वस्तू खाली सोडतो ना, तोच मी. मी हलायचा थांबलो की माझी दोरी अगदी सरळ उभी राहते. भिंत त्या दोरीशी जुळली तर ठीक, नाही तर विटा काढाव्या लागतात. मला एवढे एकच काम येते. स्थिर होणे.

पुण्यातल्या एका ओताऱ्याने मला घडवले आणि रहाटणीच्या गेनबा गवंड्याने मला विकत घेतले. तेव्हा तो पंचविशीत होता. पुढची तीस वर्षे मी त्याच्या पिशवीत राहिलो.

गेनबाची रीत संथ होती. तो एका वेळी एकच घर हाती घेई. कुदळ मारण्याआधी तो एक अख्खा दिवस त्या जागेवर नुसता फिरे आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसे. इथे आधी काय होते? धान्याचे पेव होते का? ओढा इकडून वाहत होता का? कुणाला पुरले होते का? सगळ्यांचे ऐकून झाले की मग तो घरच्या बाईला विचारी, की चूल कुठे हवी आणि जाते कुठे मांडणार. त्याची बायको कुशाबाई चुना कालवून देई. सुतार आपल्या सवडीने येई. सिमेंट परमिटवर मिळे, चार पोती मागावी तेव्हा दोन, तीही महिन्याने. दोन खोल्यांचे घर उभे राहायला सहा महिने लागत आणि तेवढे दिवस घरमालकाला सगळ्यांची मजुरी भरावी लागे. पण गेनबाने बांधलेले एकही घर खचले नाही. लोक त्याचे कौतुक करत आणि तो मला पिशवीत ठेवण्याआधी धोतराच्या सोग्याने पुसत असे.

एकोणीसशे चोपन्नच्या दिवाळीनंतर पिंपरी स्टेशनाच्या पलीकडे एका कारखान्याच्या कामगारांसाठी दोनशे क्वार्टर बांधायला सुरुवात झाली. ठेका एका मोठ्या कंपनीने घेतला होता. गेनबा मला घेऊन ते काम बघायला गेला आणि दुपारपर्यंत तिथेच उभा राहिला. सिमेंट रेल्वेच्या वाघिणी भरून येत होते. विटांच्या भट्ट्या कंपनीने स्वतःच नदीकाठी लावल्या होत्या. दारे एकाच मापाची, यंत्रावर एकदम कापलेली. पायाची टोळी फक्त पाया भरे आणि पुढच्या घराकडे सरके. तिच्या मागून भिंतींची टोळी येई, मग छपराची, मग फरशीची. सुतारासाठी गवंडी थांबला आहे किंवा गवंड्यासाठी सुतार, असे तिथे होतच नसे. एका घराची परांची सुटली की त्याच दुपारी ती दुसऱ्या घराला लागे. नकाशा एकच होता, म्हणून कुणाला काही विचारायची गरजच नव्हती.

रहाटणीचे उद्धवराव मास्तर गेनबाकडून दोन खोल्या बांधून घेणार होते. कंपनीचे क्वार्टर गेनबाच्या दोन तृतीयांश खर्चात उभे राहते, हे कळल्यावर त्यांनी बेत रद्द केला. गेनबा त्यांच्यावर रागावला नाही. कंपनीचे घर स्वस्त का पडते, हे तो डोळ्यांनी पाहून आला होता. त्याच महिन्यात तो कंपनीच्या भिंतींच्या टोळीत रोजावर लागला. माझे काम तेच राहिले, फक्त मी आता एका दिवसात चार घरांवर लटकू लागलो.

त्रेचाळीस नंबरच्या घराची पूर्वेची भिंत गेनबाने बांधली. त्या सकाळी माझे डोलणे काही केल्या थांबेना. वारा नव्हता. परांचीवर दुसरे कुणी नव्हते. गेनबाने मला दोनदा हाताने धरून थांबवले आणि दोनदा मी पुन्हा डोलू लागलो. त्याने क्षणभर खाली पायाकडे पाहिले. पण मुकादम घाई करत होता आणि छपराची टोळी मागे येऊन उभी होती. गेनबाने मला तिसऱ्यांदा धरले, हात सोडताक्षणी माप घेतले आणि पुढची वीट लावली. भिंत सरळ होती. मी खोटे बोललो नाही. खाली काय आहे, हे मला कुणी विचारले नव्हते.

पंचावन्नच्या पावसाळ्याआधी दोनशे घरे पुरी झाली. मित्रांनो, ही गोष्ट मी लहान मानत नाही. दोनशे कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर आले. गेनबाच्या चालीने त्याला शंभर वर्षे लागली असती. काम संपल्यावर कंपनीने त्याला तिथेच दुरुस्तीचा मिस्त्री म्हणून ठेवून घेतले.

त्रेचाळीस नंबरात ज्योतीराम आणि विमलबाई राहायला आली. दोघे बीडकडची. ज्योतीराम कारखान्यात पहिल्या शिफ्टला जाई. त्यांची मुलगी आठ महिन्यांची होती आणि तिचा पाळणा खोलीच्या मधोमध तुळईला टांगलेला असे. सगळी घरे इतकी सारखी होती, की सुरुवातीला माणसे चुकून दुसऱ्याच्या घरात शिरत. कुणाचा नवरा शेजारच्या घरात जाऊन खुंटीला टोपी अडकवी आणि मग ओशाळून परत फिरे. खुंटीसुद्धा त्याच जागी असायची.

भर दुपारी वसाहत सामसूम होई. पुरुष कारखान्यात असत, बायका दारे लोटून पडलेल्या असत. अशा एका दुपारी विमलबाईला जमिनीखालून आवाज आला. पोहरा पाण्याला टेकावा तसा, एकदाच. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा आला. तिने ज्योतीरामाला सांगितले. तो म्हणाला, की मालगाडी जाते, तिचा हादरा असेल. तिने आठ दिवस मालगाडीची वेळ लक्षात ठेवली. गाडी गेल्यावर बऱ्याच वेळाने, सगळे शांत झाल्यावर तो आवाज येत होता.

मग ती मुलीला कडेवर घेऊन शेजारच्या बेचाळीस नंबरात गेली आणि काही तरी निमित्त काढून दुपारभर तिथे बसली. पुढच्या दिवशी चव्वेचाळीसमध्ये बसली. तीच खोली, तोच कोनाडा, तीच फरशी. आवाज मात्र नाही. परत येऊन तिने आपले दार उघडले, तेव्हा रिकामा पाळणा हलत होता. त्यानंतर तिने कुणाला काही सांगितले नाही. लोक आपल्याला वेडी म्हणतील, अशी तिला धास्ती होती. रात्री ती मुलीला घेऊन स्वयंपाकघरात निजू लागली.

त्या घरचे दार लागत नाही, अशी तक्रार आली म्हणून गेनबा तिथे गेला. त्याने दोनदा ते दार रंधून दिले होते, तरी ते पुन्हा चौकटीला घासत होते. तिसऱ्या वेळी, सकाळी अकराच्या सुमाराला, त्याने रंधा बाजूला ठेवला आणि मला बाहेर काढले. पूर्वेच्या भिंतीला मला सोडल्यावर दिसले, की भिंत वरून आतल्या बाजूला दोन बोटे कलली आहे. त्याने स्वतः बांधलेली भिंत. तो मी स्थिर होण्याची वाट पाहू लागला. त्याची एक विडी ओढून झाली. मी थांबलो नव्हतो.

विमलबाई दारात उभी राहून बघत होती. ती हळूच म्हणाली, "मामा, पाळणाबी असाच हलतो."

गेनबाने वळून पाहिले. मुलगी पाळण्यात झोपली होती. पाळण्याची दोरी लांब होती आणि माझी आखूड. अशा दोन दोऱ्या कधी एका लयीत हलत नाहीत. पण आम्ही दोघे एकाच वेळी भिंतीकडे जात होतो आणि एकाच वेळी मागे येत होतो. मग विमलबाईने सगळे सांगितले. ते आवाजाचे, शेजारच्या घरांचे, मालगाडीचे. गेनबाने मधे एकदाही तिला अडवले नाही.

तो ओव्हरसियर अर्जुनरावांकडे गेला. अर्जुनराव भले गृहस्थ होते. त्यांनी नकाशा पसरून दाखवला. तिथे कोरी जमीन होती. एकशे नव्याण्णव घरांचा पाया तोच आहे आणि कुणाची तक्रार नाही, असे ते म्हणाले. एका घरासाठी फरशी उकरायची तर वर कारण दाखवावे लागेल, ते काही तरी घेऊन ये.

संध्याकाळी गेनबा पिंपरी गावात चिमाजींच्या घरी गेला. ती जमीन पूर्वी त्यांची होती. चिमाजी सत्तरीच्या पुढचे. दुसऱ्या दिवशी सकाळी गेनबा त्यांना घेऊन वसाहतीत आला. मित्रांनो, ती सकाळ मी विसरू शकत नाही. पन्नास वर्षे जे शेत त्यांनी नांगरले, ते त्यांना सापडेना. एक गल्ली संपली की तशीच दुसरी लागे. फिरून फिरून ते तीनदा त्याच कोपऱ्यावर आले. त्यांच्या कपाळावर घाम फुटला होता. ते म्हणाले, "माझंच रान मला वळखंना, गेनबा."

मग त्रेचाळीस नंबरच्या ओट्यापाशी ते थबकले. कुणी काही सांगितले नव्हते. त्यांनी वहाणा काढल्या, आत आले आणि पाळण्याखाली जमिनीवर बसले. बराच वेळ त्यांचा तळहात फरशीवर होता.

"हितंच," ते म्हणाले. "ही माझी हीर हाय."

गेनबाने विचारले, की विहीर आहे हे त्यांनी कंपनीच्या माणसांना सांगितले का नाही. चिमाजींनी त्याच्याकडे नवलाने पाहिले. "हीर तर दिसतच व्हती. त्यात सांगायचं काय? आन् मला इचारलं कुनी?"

गेनबा खाली बसला. तरुणपणी चिंचवडला जाताना तो त्या विहिरीवर पाणी प्यायला होता. तिच्याच काठावर भिंत बांधताना ती जागा त्याला ओळखू आली नव्हती.

त्याने पाळणा बाजूला घेतला आणि मधली एक फरशी उचलली. खाली मुरूम होता. मुरूम हातभर उकरल्यावर पहार लाकडावर आपटली. लाकूड कुजले होते. दुसऱ्या घावाला पहार आरपार गेली आणि त्या भोकातून थंड, ओला वारा वर आला. विमलबाईने मुलीला छातीशी धरले. गेनबाने माझ्या दोरीला आणखी दोरी जोडली आणि मला खाली सोडले.

आतापर्यंत मी कधी जमिनीखाली गेलो नव्हतो. वरचा उजेड रुपयाएवढा झाला, मग पाव आण्याएवढा. बाजूला विहिरीचे जुने घडीव दगड लागले. त्यांच्यावर मोटेच्या दोराने पडलेल्या खोल खाचा होत्या. मी हलत नव्हतो. वर दोन्ही वेळा ज्याने मला स्थिर होऊ दिले नव्हते, त्याच्याजवळ आल्यावर मी अगदी शांत उतरत होतो. पाणी अजून चार हात खाली होते, तेवढ्यात कुणी तरी मला धरले. तळहातावर घेऊन वजन बघावे, तसे. दोरी सैल पडली. वर गेनबालाही ते कळले, कारण त्याचे हात थांबले. मग खालच्या त्या हाताने मला सोडून दिले. मी पाण्याला टेकलो आणि तो आवाज झाला, जो विमलबाई रोज दुपारी ऐकत होती.

गेनबाने मला वर ओढले. मी ओला होतो. खाली काय झाले हे त्याने कधी कुणाला सांगितले नाही. तो एवढेच म्हणाला, "पोरीला घे आन् भाईर हो. भांडीकुंडी राहू दे."

त्याने मला तसेच ओले नेऊन अर्जुनरावांच्या टेबलावर ठेवले. माझ्याखालचा नकाशा भिजला. अर्जुनरावांनी माझ्याकडे पाहिले, दोरी किती हात गेली ते विचारले आणि लगेच उठले. विमलबाईच्या दोन ट्रंका त्यांनी स्वतः उचलून बाहेर आणल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचे इंजिनिअर आले. गेनबाने मला पाळण्याच्या जागी तुळईला टांगून ठेवले होते आणि मी तेव्हापासून डोलत होतो. इंजिनिअर उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, की एखाद्या पोकळीने घर पडत नसते, आत जाऊन पाहू. त्यांनी पाय उचलला. त्या क्षणी मी थांबलो. मी स्थिर झालो नाही, मला थांबवले गेले. गेनबाने ते पाहिले. त्याने साहेबांचा दंड धरून त्यांना मागे ओढले.

फारसा आवाजही झाला नाही. खोलीची फरशी मधोमध खोलगट झाली आणि पाण्यात गेली. भिंती आणि छप्पर तेवढे राहिले, आणि त्या काळ्या, गोल तोंडावर मी एकटा लटकत राहिलो. पूर्वेची भिंत माझ्या दोरीच्या दिशेने वीतभर झुकली होती. इंजिनिअर ते अंतर बघत उभे होते.

पुढे चौकशी झाली. सपाटीकरणाच्या टोळीने विहिरीत दोन ट्रक मुरूम टाकला होता. त्या दिवशी ट्रक दुसऱ्या ओळीला हवे होते, म्हणून त्यांनी तोंडावर ओंडके टाकून वरून मुरूम पसरला. भरणी पुढची टोळी करील, असे त्यांना वाटले. पुढच्या टोळीला सपाट जमीन दिसली. पायाच्या टोळीने पाया भरला, गेनबाने भिंत बांधली. प्रत्येकाने आपल्या वाट्याचे काम केले होते. विहीर कुणाच्याच वाट्याला आली नव्हती.

ते घर उतरवले आणि विहिरीला कठडा घातला. ओळीच्या टोकाला नवे घर नऊ दिवसांत उभे राहिले, हुबेहूब तसेच. विमलबाई तिथे राहायला गेली. पहिला महिनाभर ती दुपारी झोपत नसे.

इंजिनिअर मात्र शहाणे निघाले. त्यांनी गेनबाला नवे काम दिले. कंपनीच्या टोळ्या जिथे जातील, तिथे त्याने आधी जायचे आणि गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाबरोबर जागेवर फिरायचे. तीन वर्षे आम्ही तेच केले, चिंचवडपासून पार चाकणच्या रस्त्यापर्यंत. एका ठिकाणी पेव सापडले. एका ठिकाणी प्लेगमध्ये गेलेली माणसे पुरलेली होती, ती ओळ बाजूला सरकवली. एका जागेला फक्त अर्धा दिवस लागे. त्या वेळी कंपनीने गेनबाला शाल दिली आणि माझ्या पितळेला मी नवा असतानासारखी चकाकी होती.

पुढे गेनबाला मोतीबिंदू झाला आणि तो घरी बसला. नव्या ठेक्याच्या वेळी कुणाच्या तरी ध्यानात आले, की विचारणारा माणूस नसला तर प्रत्येक घर आणखी थोडे स्वस्त पडते. त्या जागेवर पुन्हा कुणाला नेमले नाही. मी रहाटणीला भिंतीवरच्या खिळ्याला अडकलो. माझ्यावर हिरवा गंज चढला. माझी आठवण कुणाला राहिली नाही, असे मला वाटू लागले होते.

मित्रांनो, घरे खूप लागणार आहेत, आणि ती लवकर आणि स्वस्तात बांधायला मोठ्या कंपन्याच लागतील. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त एवढेच मागतो, की शंभर माणसांत एक माणूस जमिनीला विचारणारा ठेवा. त्याचा अर्धा दिवस महाग समजू नका. आणि माझ्यासारखी जुनी हत्यारे खिळ्यावर विसरू नका.

परवाच रहाटणीच्या वरच्या माळावर नव्या घरांच्या पायासाठी चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेषा पडल्या. कुशाबाईने ते गेनबाला सांगितले. तो उठून बसला आणि त्या जागेत काय होते, हे आठवू लागला. त्याला आठवेना. तेव्हा तिने मला खिळ्यावरून काढले, पदरात बांधले आणि माळावर गेली. चाळीस माणसे कुदळी घेऊन उभी होती. ती रेषेवर जाऊन उभी राहिली आणि तिने मुकादमाला विचारले, की इथे आधी काय होते ते कुणाला विचारले का. मुकादम परगावचा होता. तो अदबीने म्हणाला, "बाई, ते आमचं काम नाही."

"मग कुनाचं?" कुशाबाई म्हणाली.

मुकादमाने मागे वळून आपल्या माणसांकडे पाहिले. त्याने हातातली कुदळ खाली ठेवली आणि एकाला गावात पाठवले.

तासाभराने सोजराबाई आली. रहाटणीत तिच्याहून म्हातारे कुणी नाही. चाळीस माणसे कुदळी बाजूला ठेवून बसली होती. काठी टेकत टेकत ती पांढऱ्या रेषेवरून चालू लागली. सहा पावले गेली. दहा गेली. मग तिची काठी एका जागी थांबली आणि तिने वहाणा काढल्या.